पहिलं अत्तर निशिगंधाचं: घरी फुलांचा वास उतरवायला शिकताना

घरी अत्तर करायचं मनात आलं की आपल्याकडे पहिलं नाव मोगऱ्याचं निघतं. होळी झाली की बेळगावच्या बाजारात टोपल्या भरून कळ्या येतात, संध्याकाळी अख्ख्या गल्लीला वास सुटतो, आणि हा वास बाटलीत धरून ठेवता आला तर किती बरं, असं वाटतं. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पातेल्यात मोगरा घातला, पाणी ओतलं, वर झाकण उलटं ठेवलं आणि वाफ गोळा केली. पाव किलो कळ्या गेल्या आणि हाती आलं ते उकडलेल्या पालेभाजीच्या वासाचं पाणी. त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. नंतर दोन-तीन वर्षं करत राहिले तेव्हा उमगलं, की चूक माझ्या हाताची कमी आणि फूल, पद्धत आणि ऋतू यांची सांगड न घातल्याची जास्त होती.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझा आग्रह आहे, की पहिलं अत्तर मोगऱ्याचं करू नका. निशिगंधाचं करा, आणि तेही थंडीत, मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गुलाबाचा वास पाकळीत तयार असतो आणि वाफेबरोबर बराचसा निघून येतो. मोगरा, जाई, निशिगंध यांचं तसं नाही. ही फुलं तोडल्यावरही कित्येक तास जिवंत असतात आणि नवा वास तयार करत राहतात. उकळत्या पाण्यात टाकलीत तर ती जागच्या जागी मरतात, आणि पुढे तयार होणारा वास तिथेच संपतो. कनौजचे कारागीर मोगऱ्याचंही अत्तर गाळतात, हे खरं. पण त्यांच्या तांब्याच्या देगेखालची आच मंद असते, वाफ थंड होऊन ज्या भपक्यात उतरते त्यात आधीच चंदनाचं तेल असतं आणि हात पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. आपल्या गॅसवर आणि स्टीलच्या पातेल्यात ते होत नाही. आपल्याला जमण्यासारखा दुसरा जुना मार्ग आहे. फूल जिवंत असेपर्यंत ते थंड, घट्ट स्निग्धावर ठेवायचं आणि त्यानं सोडलेला वास स्निग्धाला पिऊ द्यायचा. तूप वास धरतं, हे फणसाशेजारी उघडं तूप ठेवलेल्या कुठल्याही घराला माहीत आहे. तोच गुण इथे कामाला येतो.

आता थंडीच का? खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्रीचा पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे खोबरेल आपोआप घट्ट राहतं. आंघोळीआधी बाटली उन्हात ठेवावी लागते ना, तेच हे दिवस. खानापूरच्या बाजूला जंगलालगतच्या घरांत तर आणखी गार. आणि निशिगंध हे नवशिक्याला सांभाळून घेणारं फूल आहे. मोगरा एका रात्रीत उमलून दुसऱ्या दुपारी तांबूस पडतो, निशिगंध दोन दिवस दम धरतो. तुम्हाला एखाद्या दिवशी उशीर झाला तरी काम बिघडत नाही.

सामान

रिफाइंड खोबरेल घ्या, ज्याला खोबऱ्याचा वास नाही असं. घाण्याचं खोबरेल डोक्याला उत्तम, पण इथे त्याचा स्वतःचा वास फुलावर चढतो. त्यात थोडा डालडा मिसळायचा, म्हणजे दुपारी ऊब वाढली तरी थर पातळ होत नाही. माझं प्रमाण ११० ग्रॅम खोबरेल आणि ४० ग्रॅम डालडा. साजूक तूप वापरू नका, त्याचा वास कितीही सुंदर असला तरी तो जेवणाचा आहे.

भांडं म्हणजे घट्ट झाकणाचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा, साधारण २० सेंटिमीटर रुंदीचा. काचेचा मिळाला तर अधिक चांगला, आतलं दिसतं. प्लास्टिक नको, ते वास धरून बसतं. डब्याला पूर्वी मसाल्याचा वास असेल तर सोडून द्या, धुऊन तो जात नाही. याशिवाय एक चिमटा, एक स्वच्छ सुती फडकं, ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि एक वही. वही कशाला, असं वाटेल. पण कुठल्या दिवशी किती फुलं घातली, हवा कशी होती, वास कसा होता हे लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर उभे असता.

खोबरेल आणि डालडा मंद आचेवर फक्त वितळेपर्यंत गरम करा, डब्यात ओता आणि रात्रभर थिजू द्या. अर्ध्या सेंटिमीटरचा थर बसतो. सकाळी काट्याने त्यावर उभ्या-आडव्या रेघा ओढा. पृष्ठभाग वाढला की वास जास्त बसतो.

फुलं आणताना

सगळ्या कामातला नाजूक भाग हाच, म्हणून इथे जरा थांबते.

बाजारात दोन प्रकारचा निशिगंध दिसतो. पुष्पगुच्छात लागतो तो दुहेरी पाकळ्यांचा, लांब दांडीचा. दिसायला भरगच्च, पण वासाला कमी. हारात ओवतात तो एकेरी पाकळ्यांचा, सुटा, वजनावर मिळतो. आपल्याला हाच हवा. आपल्याकडे फुलं विकणाऱ्या बऱ्याच बायका कन्नड बोलणाऱ्या, तेव्हा दोन-चार शब्द जवळ असू द्या. निशिगंधाला त्या सुगंधराज म्हणतात, मोगऱ्याला मल्लिगे, सोनचाफ्याला संपिगे. कळी म्हणजे मोग्गु. आणि न ओवलेली सुटी फुलं हवी असतील तर ‘बिडी हूवु’ मागायची. मी पहिल्यांदा ‘अक्का, सुगंधराज, बिडी हूवु’ एवढंच म्हटलं होतं आणि त्या बाईंनी हार बाजूला सारून टोपलीच्या तळातली ताजी फुलं काढून दिली.

पाणी मारलेली फुलं अजिबात घेऊ नका. हे सांगावं लागतं, कारण फूल टवटवीत दिसावं म्हणून सगळेच पाणी शिंपडतात. माझा एक अख्खा डबा या एका चुकीमुळे गेला. ओली फुलं थरावर ठेवली, पाणी रेघांत साचलं आणि सहाव्या दिवशी करडी बुरशी दिसली. मग मी नेहमीच्या अक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘पाणी मारल्याशिवाय कसं टिकतंय बाई? सकाळी टोपली उतरतंय तवाच या की.’ तेव्हापासून मी सकाळी जाते. तरीही घरी आल्यावर फुलं फडक्यावर पसरून तासभर सावलीत ठेवते. हाताला ओल लागत नाही ना, हे बघूनच डब्यात घालते.

एका खेपेला मूठ-दीड मूठ फुलं पुरतात, पन्नास-साठ ग्रॅम. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी भाव चढलेले असतात, ते दोन दिवस चुकवा. आणि कुंडीत, परसात निशिगंध असेल तर त्यासारखं सुख नाही. औषध मारलेलं नसतं आणि संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेलं फूल नेमकं त्याच वेळी तोडता येतं. बाजारच्या फुलावर कीटकनाशक असू शकतं, हे लक्षात ठेवा. हे अत्तर अंगाला लावायचं आहे, म्हणून जमेल तितकी ओळखीच्या मळ्यातली फुलं मिळवा.

रोजचं काम

संध्याकाळी फुलांचे देठ आणि हिरवा भाग खुडून टाका. हिरव्या भागाचा वास गवतासारखा असतो आणि तो स्निग्धात उतरतो. फूल पालथं ठेवा, तोंड थराकडे. एकमेकांना चिकटून ठेवा पण दाबू नका. दाबलं की पाकळी ठेचते आणि काळी पडते. झाकणाच्या आतून सुती फडकं ताणून बसवा, मग झाकण लावा. फुलं रात्रभर श्वास टाकतात, ती ओल फडकं शोषून घेतं. हे फडकं रोज बदलायचं.

डबा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. फरशीवर, माठाशेजारी, जिन्याखाली. स्वयंपाकघरात नको. फोडणी दिली की तिचा वासही हा थर तितक्याच आवडीने पितो. फ्रीजमध्येही नको, तिथे फूल गारठून वास सोडणं थांबवतं.

दोन दिवसांनी चिमट्याने एकेक फूल उचला. डबा पालथा करून हलकेच ठोकला की बरीचशी आपोआप पडतात. तांबूस पडलेलं एकही फूल मागे ठेवू नका. अशा पांढऱ्या सुवासिक फुलांत इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. अगदी थोडं असलं तर वासाला खोली देतं, वाढलं तर कुजका दर्प येतो, आणि फूल मरू लागलं की तोच दर्प पुढे येतो. मग काट्याने थर पुन्हा ओरबाडा आणि त्याच संध्याकाळी ताजी फुलं घाला.

असं दहा वेळा, म्हणजे वीसेक दिवस. पहिल्या चार खेपांत काही झाल्यासारखं वाटत नाही. इथेच बरेच जण सोडतात, तुम्ही सोडू नका. पाचव्या-सहाव्या खेपेनंतर फुलं काढल्यावरही थराला वास राहिलेला जाणवतो. वास बघायचा तो सकाळी, चहाच्या आधी, नाक ताजं असताना. दिवसभर डब्याजवळ वावरल्यावर नाकाला तो वास कळेनासाच होतो. अंगणात जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं आणि मग परत यायचं.

डबीतलं घट्ट अत्तर

वीस दिवसांनी तुमच्याकडे निशिगंधाचा वास प्यालेलं स्निग्ध असतं. मोठे अत्तरकार पुढे ते अल्कोहोलमध्ये धुऊन त्यातला वास वेगळा काढतात. नवशिक्याने इथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शुद्ध अल्कोहोल आपल्याकडे अबकारी परवान्याशिवाय मिळत नाही. मेडिकलमधल्या स्पिरिटला स्वतःचा उग्र वास असतो. बाजारातल्या वोडकामध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं, तिच्यात अत्तर गढूळ होतं. ‘गोव्याहून एखादी बाटली आणू’ असं आपल्या भागात सहज बोललं जातं, पण परवान्याशिवाय ती हद्द ओलांडून आणणं गुन्हा आहे. आणि रंग-वार्निशच्या दुकानातलं स्पिरिट तर चुकूनही नको. त्यात मिथेनॉल असू शकतं, आणि ते कातडीतून व श्वासातून शरीरात जातं.

त्याऐवजी डबीत मावणारं घट्ट अत्तर करा. मनगटावर बोट फिरवून लावायचं. दहा ग्रॅमसाठी ८ ग्रॅम वास प्यालेलं स्निग्ध आणि २ ग्रॅम मधमाशीचं मेण लागतं. मेण मध विकणाऱ्यांकडे विचारा. मेणबत्तीचं मेण वेगळं असतं, ते घेऊ नका. उकळत्या पाण्यावर वाटी ठेवून मेण वितळवा. त्याला ६२-६४ अंश लागतात, म्हणून थेट आचेची गरज नाही. मेण पातळ झालं की वाटी खाली उतरवा, किंचित थंड होऊ द्या आणि कडेला पांढरी रेघ दिसू लागली की स्निग्ध घालून झटपट ढवळा. स्निग्ध मेणाबरोबर आचेवर ठेवलं तर वीस दिवसांची मेहनत वाफेबरोबर निघून जाते. लगेच डबीत ओता, झाकण लावा आणि दोन दिवस हात लावू नका.

फुलाचा वास हलका असतो, तो उडतो. त्याला खाली धरून ठेवणारा एखादा जड वास लागतो. यात चंदनाला तोड नाही. म्हैसूरचा सरकारी चंदनतेलाचा कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला, आणि आपल्या राज्याचं चंदनतेल तेव्हापासून जगभर गेलं. पण अस्सल चंदनतेल फार महाग, आणि स्वस्तात मिळतं त्यात भेसळ असते. शिकताना त्यात पैसे घालू नका. वाळ्याचं तेल घ्या. वर सांगितलेल्या दहा ग्रॅमला दोन-तीन थेंब पुरे, स्निग्ध घालतानाच मिसळायचे. त्याहून जास्त घातलं तर निशिगंध दबतो आणि उन्हाळ्यातल्या वाळ्याच्या पडद्याचा वास तेवढा उरतो. नागरमोथ्याचं तेलही चालतं, त्याला मातीचा वास असतो. मला स्वतःला निशिगंधाखाली वाळाच आवडतो.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. लाली, खाज, पुरळ दिसलं तर वापरू नका. लहान मुलांना लावू नका. डबी अंधाऱ्या, गार जागी सहाएक महिने टिकते. खवट वास यायला लागला की टाकून द्या, वर आणखी सुगंध घालून तो झाकू नका.

बाकीची फुलं

निशिगंध जमला की हात इकडेतिकडे वळतातच. तेव्हा थोडक्यात.

गुलाबाला वाफ मानवते. गावठी, गुलाबी, भरपूर वासाचा गुलाब सकाळी ऊन चढायच्या आत तोडा. पातेल्याच्या मधोमध एक वाटी उंचावर ठेवा, भोवती पाकळ्या आणि त्या बुडतील एवढंच पाणी. वर झाकण उलटं, त्यावर बर्फ. अगदी मंद आचेवर अर्धा तास. पहिल्या कपभर पाण्यात वासाचा बहुतेक ऐवज असतो, नंतरचं पाणी नावापुरतं. हे अत्तर नव्हे, गुलाबपाणी आहे. वर तेलाचा थर दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन फुलं लागतात. पाणी फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार आठवड्यांत संपवा.

बकुळीसारखं समजूतदार फूल नाही. देवळाच्या आवारात सडा पडलेला असतो, फक्त सकाळी लवकर, दव वाळल्यावर वेचायचा. ती वाळली तरी वास जात नाही. आजीच्या ट्रंकेतल्या लुगड्यांत बकुळीचे हार असत, ते उगाच नव्हे. वाळवलेली बकुळ बाटलीत भरून वर बिनवासाचं तेल ओता आणि तीन आठवड्यांनी गाळा. मुलांना सोबत घेऊन करण्यासारखं हे काम आहे.

तिळाचीही एक जुनी रीत आहे. पांढरे तीळ आणि सुवासिक फुलं यांचे थरावर थर द्यायचे, रोज फुलं बदलायची आणि आठवडाभराने ते तीळ घाण्याला लावायचे. यालाच फुलेल म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या अभ्यंगासाठी फुलांनी वासित केलेल्या तिळांच्या तेलाचं वर्णन येतं. हे कल्याणी म्हणजे आपल्याच कर्नाटकातलं बसवकल्याण. पण वाटीभर तिळासाठी घाणा कोणी लावत नाही. चार-पाच घरांनी मिळून केलं तर जमेल.

पारिजातक मात्र सोडून द्या. त्याचा वास इतका नाजूक आहे, की तुमचा हात पोचेपर्यंत तो गेलेला असतो. त्याचे केशरी देठ तेलाला रंग सुंदर देतात, तेवढ्यापुरता वापरा. कण्हेर आणि धोतरा वासासाठी घेऊ नका, दोन्ही विषारी आहेत. लिंबाची ताजी साल किंवा तिचं तेल अत्तरात घालायचा मोह होतो. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजून डाग पडू शकतात.

आणि आषाढ-श्रावणात डबा उघडूच नका. आपल्या भागात, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, तेव्हा भिंतींनाच ओल फुटते. फुलं कितीही कोरडी केली तरी बुरशी धरते. ते दिवस वहीतल्या नोंदी वाचायला ठेवा.

मोगरा आता

एक थंडी निशिगंधात गेली, की पुढच्या चैत्रात मोगरा घ्यायला हरकत नाही. पद्धत तीच, तीन गोष्टी बदलतात. पहिली, स्निग्धात खोबरेल आणि डालडा निम्मं-निम्मं घ्या, नाहीतर दुपारी थर वितळून फुलं बुडतात. डबा ओल्या गोणपाटावर, सावलीत ठेवा आणि गोणपाट दुपारी पुन्हा भिजवा, पाणी डब्यात जाणार नाही असं. दुसरी, उमललेली फुलं न घेता त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या घ्या. टपोरी, पांढरी झालेली कळी रात्री आठ-नऊच्या सुमारास डब्यातच उमलते. हिरवट कळी उमलत नाही, ती नुसती जागा अडवते. तिसरी, दोन दिवसांची सवलत विसरा. संध्याकाळी घातलेल्या कळ्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत काढायच्या, मग पाहुणे येवोत की लग्नाला जायचं असो. ज्या आठवड्यात घरी लग्नकार्य आहे, त्या आठवड्यात मोगऱ्याचा डबा मांडूच नका. आणि वळवाचा पाऊस झाला त्या संध्याकाळी बाजारातली कळी घेऊ नका. तोडतानाच ती भिजलेली असते, फडक्यावर कितीही पसरली तरी तिच्या पोटातलं पाणी जात नाही. एक दिवस डबा रिकामा राहिला तर राहू द्या, झाकण मात्र लावून ठेवा.